झऱ्याकाठची नळी

काचिरे गावाने बाहेरच्या माणसाला तळ्याकाठी खणू दिलं, ते नोएमी आन्साच्या शब्दावर. नाहीतर गावाच्या वेशीवरची साखळी सहजासहजी खाली येत नसे. तांबं शोधणारे आले, लिथियम शोधणारे आले, रोहित पक्ष्यांचे फोटो काढणारे आले. एकदा तर मंगळावर पाठवायचं यंत्र इथल्या मिठावर चालवून बघायचंय म्हणून कोणी परदेशी आले. सगळ्यांना पाण्याचा एकेक पेला देऊन गावाने आल्या वाटेने परत धाडलं होतं.

पण नोएमी घरची होती. मिठाच्या मैदानाकडेच्या त्या साठ घरांतून विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेलेली ती पहिली. तिचा बाप सिप्रियानो सत्तरी ओलांडलेला. कुणाच्या मक्याला पाटाचं पाणी किती वेळ सोडायचं हे ठरवायचं काम गावाने त्याच्याकडे दिलं होतं, आणि पंचवीस वर्षांत त्याच्याशी त्यावरून कुणी भांडलं नव्हतं. अशा माणसाची पोर सभेत उभी राहून 'हे आपले लोक आहेत' म्हणाली, तर लोक ऐकणारच.

तिने आणलेला माणूस म्हणजे प्रोफेसर ओस्वाल्दो बाराओना. उंच, पोट सुटलेला, मोठ्याने हसणारा. सहा वर्षं नोएमी त्याच्या हाताखाली काम करत होती. त्याच्याबद्दल गावात एकच तक्रार होती, ती म्हणजे तो कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून बटाटे सोलायला बसतो आणि साली फार जाड काढतो. नोएमीची मुलगी लुसमिला दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून हाच उभा राहिला होता. पोरीचा खरा बाप तांब्याच्या खाणीकडे निघून गेलेला, त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. त्या दिवसापासून नोएमी बाराओनाला 'प्रोफे' म्हणायची थांबली आणि 'कोम्पाद्रे' म्हणू लागली, तो तिला 'कोमाद्रे'. हे नातं एकदा जोडलं की मरेपर्यंत सुटत नाही, असं तिकडे मानतात.

सभेत सिप्रियानोनेच पहिला प्रश्न विचारला. "मातीत नेमकं काय शोधणार?"

"ताता, तळ्यात जे जे जगलं ते मेल्यावर तळाशी बसलं," नोएमी म्हणाली. "शेवाळ, लव्हाळी, डोळ्यांना न दिसणारे जीव. दुसरीकडे ते कधीच कुजून गेलं असतं. आपल्याकडे पाऊस नाही, आणि मीठ इतकं, की कुजवणाऱ्यालाही जगणं अवघड. म्हणून त्यांच्या अंगातल्या चरबीचे, पानांवरच्या मेणाचे रेणू गाळात अजून शाबूत आहेत. ते वेगळे काढले की कळतं, त्या काळी इथे कोण राहत होतं. पाणी गोडं होतं की खारं."

"म्हणजे चारकीच की!" मागून एक म्हातारी म्हणाली. मीठ लावून उन्हात वाळवलेलं लामाचं मांस तिच्या घरी त्याच क्षणी दोरीवर टांगलेलं होतं.

"तसंच, मावशी. फक्त आठ-दहा हजार वर्षं टांगलेलं."

"मग तुझ्या प्रोफेला दात बरे आहेत ना, विचार!"

सभा हसली, बाराओना सगळ्यांहून मोठ्याने हसला. हसली नाही ती एकटी गावाची अध्यक्ष, दोन्या फेलिसा. ती बुटकी, रुंद बाई हातातलं विणकाम खाली न ठेवता म्हणाली, "शोधून झालं की ते सांगणार कोणाला?"

"आधी तुम्हाला," बाराओनाने छातीवर हात ठेवला. "याच खोलीत. तुमच्या कानावर पडल्याशिवाय तळ्याबद्दलचा एक शब्दही बाहेर जाणार नाही. आणि जो गाळ काढू, त्यातला निम्मा इथेच राहील."

फेलिसाने त्याच्याकडे बघितलंही नाही. "नोएमी, हे तू म्हणतेस का?"

"मी म्हणते, दोन्या फेलिसा."

"मग सोडा साखळी."

जून म्हणजे तिकडचा हिवाळा; त्या थंडीत काम झालं. सिप्रियानोने आधी कोकाची पानं आणि वाईन जमिनीला वाहिली, धरणीमातेची, पाताहोइरीची माफी मागितली, मग हातोडा उचलला. तळ्याच्या कोरड्या झालेल्या मधल्या भागात त्यांनी एक लांब नळी ठोकत ठोकत चार मीटर खाली नेली आणि गाळाने भरलेली वर ओढली. ती मधली नळी. दुसरी नळी काठाला, जिथे डोंगरातलं गोडं पाणी झऱ्याने वर येतं आणि लव्हाळी उगवते, तिथे घ्यायची होती. पण बाराओनाला राजधानीतून बोलावणं आलं आणि तो गेला. ती नळी मग बापलेकीने दोघांनीच ठोकली. दुपारपर्यंत सिप्रियानोचे हात सोलले. "इतकी वर्षं मी या झऱ्याचं पाणी वाटतोय," तो धापा टाकत म्हणाला, "आणि आज कळतंय की खाली किती घट्ट बसलंय." नोएमीने नळीची निम्मी बाजू घरच्या बटाट्यांच्या गार खोलीत ठेवली आणि निम्मी शहरात नेली.

पुढचे सात-आठ महिने ती प्रयोगशाळेत होती. गाळ दळायचा, द्रावकात भिजवायचा, उरलेला तेलकट थेंब यंत्राला द्यायचा. मधल्या नळीत पावणेदोन मीटरवर एक विचित्र थर लागला. आठ हजार वर्षांपूर्वीचा. त्यात पानांचं मेण जवळजवळ नव्हतंच. होती ती फक्त अतिखाऱ्या पाण्यात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांची चरबी. म्हणजे त्या काळात तळं आटून आटून नुसतं मिठाचं डबकं उरलं होतं.

मग तिने झऱ्याची नळी घेतली. तिथे त्याच रंगाच्या, त्याच पोताच्या थरात लव्हाळीचं मेण खच्चून भरलेलं होतं. तळं आटलं तरी झरा वाहतच होता. मधे सगळं मेलं आणि काठाला सगळं जगलं. ती कागद घेऊन धावतच बाराओनाच्या खोलीत गेली.

"कोम्पाद्रे, हे बघा! झरा थांबलाच नव्हता. त्या काळात इथली माणसं, जनावरं, पक्षी, सगळे या झऱ्यांवर निभावले असणार."

बाराओनाने चष्मा कपाळावर ढकलून कागद नीट पाहिला. "सुंदर आहे गं. पण या थराचं वय आपण नुसतं डोळ्यांनी ठरवतोय. मधल्या नळीचं वय कार्बनवरून काढलंय, हिचं नाही. आत्ता छापलं तर फाडून खातील आपल्याला. हिचे तुकडे वयासाठी पाठव, आणि आकडा आला की यावर तुझा स्वतंत्र लेख. तुझं नाव पहिलं. आधीचा लेख मधल्या नळीवर उरकून टाकू."

तिला ते पटलं. असंच तर त्याने तिला शिकवलं होतं: खात्री नसेल तर बोलू नये. एप्रिलमध्ये तिने स्वतःच्या हाताने झऱ्याच्या गाळाचे पाच तुकडे परदेशातल्या प्रयोगशाळेला पाठवले. सप्टेंबरात विचारलं, तेव्हा त्याने फोनवर निरोप लिहिला, 'अजून काही नाही, कोमाद्रे. त्या लोकांची चाल माहीत आहे ना, आपल्या लामांपेक्षा हळू.' ऑक्टोबरात पदवीच्या कागदांबरोबर त्याने आणखी काही कागद तिच्यापुढे सरकवले. तिने सगळ्यांवर सह्या केल्या. नोव्हेंबरात मधल्या नळीवरचा लेख छापून आला. गावाच्या सभेला झऱ्याचा आकडा आला की सगळं एकदम सांगू, असं बाराओनाने ठरवलं होतं. लेखाची प्रत तिने बापाला दिली. त्याला त्यातलं काही वाचता आलं नाही, पण आन्सा हे नाव कुठे आहे ते त्याने बोटाने शोधून काढलं आणि प्रत भिंतीवर लावली.

मार्चमध्ये गावात जनसुनावणी झाली. मैदानाच्या पलीकडच्या बाजूने खारं पाणी उपसून त्यातून लिथियम काढणाऱ्या कंपनीला आणखी पाच विहिरी हव्या होत्या. त्यातल्या तीन विहिरी झऱ्यांच्या बऱ्याच जवळ. लोक तयारीने आले होते. तळं गेल्या दहा वर्षांत किती मागे गेलं ते दाखवायला म्हाताऱ्यांनी खुंट्या मोजून ठेवल्या होत्या. नोएमीही शहरातून आली, लुसमिलाला मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसली.

कंपनीची इंजिनियर तरुण होती, बोलायला गोड. तिने पडद्यावर एक चित्र लावलं. नोएमीने ते क्षणात ओळखलं. मधल्या नळीचा आलेख, तिच्या हाताने काढलेला, रंगसुद्धा तिनेच निवडलेले.

"तळं मागे हटतंय, ही तुमची काळजी आम्ही समजतो," इंजिनियर म्हणाली. "पण हे तळं आठ हजार वर्षांपूर्वी, एकही विहीर नसताना, पूर्णपणे आटलं होतं. ही इथली नैसर्गिक चाल आहे. आणि हे आम्ही म्हणत नाही. आमच्या अर्जातलं परिशिष्ट चौदा बघा. हा अभ्यास तुमच्याच गावच्या मुलीने केलाय."

पुढचं पान पडद्यावर आलं. खाली दोन सह्या होत्या. ओस्वाल्दो बाराओना. नोएमी आन्सा.

नोएमीला आधी वाटलं, उठून काहीतरी बोलावं. तिने लुसमिलाला मांडीवरून खाली उतरवलं. दोन्या फेलिसा आपल्या जागेवरून वळली. त्या दिवशी तिच्या हातात विणकाम नव्हतं.

"नोएमी, ही सही तुझी आहे का?"

"आहे, पण मी—"

"तुझी आहे का, एवढंच विचारलंय."

"हो."

मागच्या रांगेत सिप्रियानो उठला. त्याने टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता दाराबाहेर गेला. म्हाताऱ्यांनी मोजून आणलेल्या खुंट्यांबद्दल त्या दिवशी कुणी विचारलंच नाही.

लुसमिला तिच्या बाहीला ओढत होती. "आई, ते तुझं चित्र होतं ना? मग सगळे रागावले का?"

त्याच संध्याकाळी नोएमीने परदेशातल्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं, आपल्या नमुन्यांचं काय झालं म्हणून. सकाळी उत्तर आलं. चार ओळींचं, फार सभ्य. पाचही नमुन्यांची वयं सहा ऑगस्टलाच डॉक्टर बाराओना यांना कळवली आहेत, सोबत प्रत पुन्हा जोडत आहोत. तिने प्रत उघडली. झऱ्याचा थर आठ हजार शंभर वर्षांपूर्वीचा. मधल्या थराच्या अगदी बरोबरीचा.

सहा ऑगस्ट. आणि लामांपेक्षा हळू चालणाऱ्या लोकांचा विनोद त्याने सप्टेंबरात केला होता. ती त्यावर हसली होती, हसणारं चित्र परत पाठवलं होतं. ते आठवून तिला इतकी लाज वाटली, की ती अंथरुणात तोंड खुपसून बराच वेळ पडून राहिली. रडू काही आलं नाही.

आधी कालामा शहर, तिथून किनाऱ्याकडे, दिवसभराचा बसचा प्रवास करून ती बाराओनाच्या खोलीत पोचली. तो तिची वाटच बघत असावा. चहा तयार होता.

"बस, कोमाद्रे. दमली असशील."

"सहा ऑगस्ट," ती उभ्यानेच म्हणाली.

त्याने चहाचा कप तिच्याकडे सरकवला, मग हात मागे घेतला. "मी सांगणार होतो."

"कधी?"

"तुझा लेख तयार झाला की. नोएमी, ऐक. त्या अहवालात एक अक्षर खोटं नाही. मधलं तळं आटलं होतं की नाही? होतं. आपणच ते दाखवलं. त्यांनी तेवढंच विचारलं, मी तेवढंच दिलं."

"झऱ्याचं विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही?"

"त्यांना वेळेत अहवाल हवा होता. प्रयोगशाळेचं अनुदान जुलैतच संपलं होतं, माहीत आहे तुला? चार माणसांचे पगार. तुझाही. ते यंत्र, ज्याच्यावर तू एवढं शिकलीस, ते बंद करून कोपऱ्यात ठेवायची वेळ आली होती. कुणी बोललं नाही तुझ्याशी, कारण मी बोलू दिलं नाही. म्हटलं, पोरीचं काम पुरं होऊ दे."

"म्हणजे माझ्यासाठी केलंत."

"तुझ्यासाठीही केलं. हो."

तो हे मनापासून बोलत होता. तिला सगळ्यात जास्त ते लागलं. खोटं बोलताना माणूस नजर चुकवतो असं तिला वाटायचं. बाराओना तिच्याकडे सरळ बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत थोडं पाणीही होतं.

"तुम्ही माझ्या बापाच्या घरी जेवलात," ती म्हणाली. "त्याच खोलीत छातीवर हात ठेवून बोललात. माझं नाव तिथे कशाला घातलंत? तुमच्या एकट्याच्या सहीने भागलं नसतं?"

त्याने नजर चहाच्या कपाकडे वळवली. आणि त्यातच तिला उत्तर मिळालं. कंपनीला प्रोफेसरची सही कुठेही मिळाली असती. आन्सा हे नाव फक्त तिच्याकडे होतं.

ती शीतगृहात गेली. मधल्या नळीचे सगळे तुकडे फळीवर नीट लावलेले होते. झऱ्याच्या नळीची फळी रिकामी. सांभाळणाऱ्या बाईने वहीत बघून सांगितलं, जागा कमी पडत होती म्हणून डिसेंबरात डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढून टाकलं.

गावात परत आली तेव्हा भिंतीवर लेखाची प्रत नव्हती. सिप्रियानो मक्याची साल काढत बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं: ऑगस्टचं, शीतगृहाचं, पगाराचं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सही केलीस तो कागद तू वाचला होतास का?"

"नाही, ताता. पदवीच्या कागदांत मिसळून दिला त्याने."

त्याने मान हलवली आणि पुढचं कणीस घेतलं.

नोएमीने वयाचे आकडे आणि आपली हरकत पर्यावरण कचेरीत दिली. बटाट्यांच्या खोलीत नळीची निम्मी बाजू आहे हेही कळवलं. कचेरीचं उत्तर आलं: हरकतीत तथ्य दिसतं, पण हरकत घेणाऱ्याच्याच घरात ठेवलेला गाळ पुरावा म्हणून धरता येणार नाही. कचेरीचा साक्षीदार हजर असताना, तिऱ्हाईत तज्ज्ञाने झऱ्याकाठी नवी नळी काढावी. मुदत साठ दिवस.

म्हणजे गावाला पुन्हा विचारणं आलं.

सभेला त्या दिवशी बसायला जागा नव्हती. नोएमीने कचेरीचं पत्र वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "पहिल्यांदा खणलं तेव्हा तळं घालवलं, आता झराही घालवू."

"तुझ्या त्या कोम्पाद्रेला विचारलंस का, की या वेळी सह्या कुठे करायच्या?" दुसरा म्हणाला. काही जण हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

चारकीवाली म्हातारी तेवढी तिच्या बाजूने बोलली. "पोरीला फसवलं त्याने. तिला काय माहीत? वाचायलाही दिलं नसेल."

तसं म्हटलं असतं तर चाललं असतं. लोक मऊ पडायला लागलेले दिसत होते. नोएमीने बापाकडे पाहिलं. तो खाली जमिनीकडे बघत होता. 'विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही?' हा बाराओनाला तिने विचारलेला प्रश्न तिला स्वतःच्याच आवाजात ऐकू आला, आणि तिच्या लक्षात आलं की तिनेही बापापाशी अर्धवटच सांगितलं होतं.

"मी वाचलं होतं," ती म्हणाली.

"काय?" फेलिसाने विचारलं.

"तो कागद मी वाचला होता. सगळा नाही, पण ते एक वाक्य वाचलं होतं. हे निष्कर्ष विद्यापीठ बाहेरच्या पक्षाला सल्ल्यासाठी देऊ शकेल, असं लिहिलं होतं. मी थांबले तिथे. मनात आलं, विचारावं. मग वाटलं, विचारलं तर पदवी लांबेल. आणि तो माझ्या पोरीचा धर्मपिता आहे, तो काय वाईट करणार. मी सही केली. झऱ्याचं वय त्याने लपवलं, ते मला खरंच माहीत नव्हतं. पण हे वाक्य माहीत होतं. ताताला मी नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं."

म्हातारीने तोंडावर हात ठेवला. मग फेलिसा म्हणाली, "तुला शब्द आम्ही दिला नव्हता, नोएमी. तू आम्हाला दिला होतास. त्याने तुला फसवलं असेल, आम्हाला तूच फसवलंस."

"हो."

"आता सांग, तुझ्या शब्दावर पुन्हा खणू द्यावं का आम्ही?"

"माझ्या शब्दावर नको," नोएमी म्हणाली.

तेव्हा सिप्रियानो उभा राहिला. टोपी हातात होती. "माझ्या शब्दावर द्या. हातोडा मी मारीन. गाळ त्या तिऱ्हाईत तज्ज्ञाने न्यावा, कचेरीच्या माणसाने बघावं. निम्मा गाळ दोन्या फेलिसाच्या घरी ठेवावा." तो थांबला. "आणि माझ्या मुलीने कशाला हात लावायचा नाही."

हात वर झाले. फार नाही, पण पुरेसे. नोएमीने स्वतःचा हात वर केला नाही. आपल्याला मत आहे की नाही हेच तिला त्या दिवशी कळेनासं झालं होतं.

जुलैत दक्षिणेकडून ग्रेता ओयार्सुन नावाची रसायनतज्ज्ञ आली. पन्नाशीची, अबोल बाई. कचेरीचा माणूस कॅमेरा घेऊन आला. नोएमीला त्यांनी झऱ्यापासून तीसेक पावलांवर, मिठाच्या खरबरीत पापुद्र्यावर उभं राहायला सांगितलं. तिथून तिला बापाची पाठ दिसत होती. तो पाचसहा घाव घालायचा, थांबायचा, पुन्हा घालायचा. दोन वर्षांपूर्वी याच जागी ती त्याला दर दहा घावांनी पाणी देत होती. आता कचेरीच्या माणसाने बाटली पुढे केली, सिप्रियानोने ती घेतली नाही.

नळी वर आली. ओयार्सुनबाईंनी हातमोजे घातले, मग ऊन फार लागतंय म्हणून मोजे न काढताच खिशातली क्रीमची नळी काढून नाकाला लावायला घेतली.

"थांबा!" नोएमी तीस पावलांवरून ओरडली. "मोजे बदला! त्या क्रीममध्ये मेण असतं, ते गाळाला लागलं तर यंत्रात तेच दिसेल. कंपनीवाले हाच मुद्दा काढतील!"

बाईंनी हाताकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्यावर लाली चढली. त्यांनी मोजे काढून पिशवीत टाकले, नवे घातले. कचेरीच्या माणसाने ते टिपून घेतलं. सिप्रियानो कपाळावरचा घाम पुसत क्षणभर मुलीकडे बघत राहिला. मग त्याने नळीचं दुसरं टोक उचललं.

निकाल पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लागला. ओयार्सुनबाईंना तेच सापडलं होतं जे नोएमीला सापडलं होतं. थर तोच, मेण तेच, वयात शे-दीडशे वर्षांचा फरक. झऱ्यांजवळच्या तीन विहिरी कचेरीने नाकारल्या. मैदानाच्या पलीकडच्या दोन मंजूर केल्या, कारण त्यांच्यासाठी परिशिष्ट चौदा पुरेसं मानलं गेलं. अहवालात नोएमीचं नाव कुठे नव्हतं. तसं कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तिने काही केलेलंच नव्हतं.

गावाने ना आनंद केला ना शोक. दोन विहिरी म्हणजे दोन विहिरी. सिप्रियानो पाटाचं पाणी पूर्वीसारखं वाटत राहिला. मुलीशी तो बोलायचा. कामापुरतं, लुसमिलाबद्दल, बटाट्यांबद्दल. रागाने नव्हे. पण आधी तो तिला आकाशातल्या ढगाबद्दलसुद्धा विचारायचा, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय म्हणून. ते विचारणं थांबलं.

नोएमीने विद्यापीठ सोडलं. मधल्या नळीवरच्या लेखातून आपलं नाव काढावं म्हणून तिने नियतकालिकाला तीनदा लिहिलं, तेव्हा कुठे एका ओळीची दुरुस्ती छापून आली. जवळच्या मोठ्या गावातल्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवू लागली. बरं शिकवते, असं मुलं सांगतात. फक्त कुणी न वाचता वहीवर सही मागितली की ती विनाकारण चिडते.

ऑगस्टमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत, तिचा फोन वाजला. दीड वर्षानंतर पहिल्यांदाच बाराओनाचं नाव. तिने उचलला.

"कोमाद्रे," तो म्हणाला. आवाज थकलेला होता. "कशी आहे माझी धर्मकन्या?"

"बरी आहे. दुसरीत पहिली आली."

"हुशार आहे. आईवर गेलीय." मग तो मुद्द्यावर आला. "विद्यापीठाने चौकशी लावलीय माझी. त्या झऱ्याच्या नळीवरून. मला तुझं एक पत्र हवंय. खोटं काही लिहू नकोस. फक्त एवढंच, की तो कागद तू वाचून सही केली होतीस. ते खरंच आहे ना? तू सभेत सगळ्यांसमोर म्हणालीस, असं कानावर आलं."

नोएमी पटांगणातल्या झाडाला टेकून उभी होती. आपण जे कबूल करताना मरणाच्या लाजेने उभे होतो, ते या माणसाच्या कानावर गेलं आणि त्याला ते उपयोगी वस्तू वाटलं, हे समजायला तिला थोडा वेळ लागला.

"खरं आहे," ती म्हणाली. "चौकशीवाल्यांनी मला बोलावलं तर मी ते सांगेन. सहा ऑगस्टचंही सांगेन, शीतगृहातल्या फळीचंही. सगळं एकत्र. तुम्हाला हवा तेवढाच तुकडा मी लिहून देणार नाही."

"नोएमी, मी तुला घडवलं."

"हो. चांगलं शिकवलंत तुम्ही."

तो काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "लुसमिलाला भेटायला येऊ का एकदा? वाढदिवसाला?"

"तिचे धर्मपिता तुम्ही चर्चमध्ये झालात, ते मी मोडू शकत नाही. तिला पत्र लिहा, मी तिला देईन. गावात मात्र येऊ नका, साखळी कुणी सोडणार नाही. आणि मला कोमाद्रे म्हणू नका."

घंटा झाली, मुलं पायऱ्यांकडे पळू लागली. तिने फोन बंद केला, हात धुतले आणि वर्गात गेली. त्या तासाला मुलांना क्षारांचे प्रकार शिकवायचे होते.